वायू की धूलिकण? मृगातील तेजोमेघाचा पुण्यातील वेध, १८९१

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले असता आकाशातील दोन ज्योती जवळजवळ एकाच वेळी मध्यमंडल ओलांडताना आढळतात. एक डोक्याच्या थोडी खाली, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर. मृग नक्षत्रातील त्रिकांड बाणाच्या खाली जो अस्पष्ट, दुधाळ ठिपका दिसतो तो हा तेजोमेघ होय. दुसरी त्याच रेषेत पुष्कळ खाली, बाणकोटच्या खाडीपलीकडील डोंगरांच्या वर अवघ्या २१ अंशांवर, अगस्त्याच्या किंचित पश्चिमेस. ही चित्रफलक नामक तारकासमूहातील द्वितीय क्रमांकाची, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी तारका. (प्रदक्षिणामार्गाच्या खडकांवर रात्री उतरणे मात्र शहाणपणाचे नव्हे, तेथील लाटांचा भरवसा धरू नये हे पुजारी व कोळी दोघेही सांगतात. किनाऱ्याची वाळू पुरेशी आहे.) अगस्त्याचा उदय झाला म्हणजे पाणी निवळते असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले; त्या अगस्त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या या सामान्य तारकेकडे मात्र १९८४ पूर्वी फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

आज या दोन्ही ज्योतींचा उल्लेख एकाच प्रकरणात होतो. ताऱ्यांच्या भोवती वायूंच्या व धुळीच्या चकत्या असतात, व ग्रहांची उत्पत्ती अशा चकत्यांतून होते, या सिद्धांताचे हे दोन प्रमुख पुरावे आहेत. या शोधाचा इतिहास सांगताना काँट आणि लाप्लास यांच्यापासून प्रारंभ करावयाचा व तेथून एकदम १९८३ च्या कृत्रिम उपग्रहावर उडी घ्यावयाची, असा प्रघात पडला आहे. मधल्या पावणेदोनशे वर्षांत जे घडले त्यातील एक प्रकरण पुण्यात घडले आहे. ते लहान आहे, आणि त्याचा निष्कर्ष नकारात्मक आहे. कदाचित म्हणूनच ते दुर्लक्षित राहिले. त्याचे यथायोग्य मोल ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते वाढवून सांगणे हा नव्हे.

प्रथम प्रश्न काय होता ते पाहू. १७५५ मध्ये काँटने व १७९६ मध्ये लाप्लासने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सूर्यमालेचा जन्म एका विस्तीर्ण, फिरत्या द्रव्यराशीतून झाला असावा अशी कल्पना मांडली. दोघांच्या कल्पनांत एक भेद होता, त्याकडे सामान्यतः काणाडोळा केला जातो. काँटच्या आदिद्रव्यात विखुरलेले कण होते, तर लाप्लासच्या मनात तप्त वायूचे वातावरण होते. म्हणजे आरंभीच वायू की कण हा वाद गर्भित होता. दुर्बिणीतून दिसणारे तेजोमेघ हे त्या आदिद्रव्याचे नमुने असावेत असे पुष्कळांना वाटे. परंतु ते खरोखर कशाचे बनले आहेत हे सांगण्याचे साधन नव्हते. ते साधन वर्णपटदर्शकाने दिले. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यात ताऱ्यांसारखा अखंड पट्टा नसून काही सुट्या तेजस्वी रेषा आढळल्या. तप्त, विरळ वायूचेच हे लक्षण होय. पुढे मृगातील तेजोमेघाचीही तीच स्थिती दिसून आली. रेषांपैकी सर्वांत ठळक, हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे मात्र कोणासही सांगता येईना.

या रिकाम्या जागेत नॉर्मन लॉकियर यांनी पाऊल टाकले. लॉकियर हे त्या काळच्या इंग्लंडातील विज्ञानाचे एक प्रबळ पुरुष. 'नेचर' या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक, सौरभौतिकीचे अग्रणी, आणि स्वभावाने वादाला न भिणारे. १८८७ पासून त्यांनी उल्का-उपपत्ती मांडण्यास आरंभ केला व १८९० मध्ये तीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचा सारांश असा की, तेजोमेघ म्हणजे निव्वळ वायूचे ढग नव्हेत. ते उल्कांचे, म्हणजे घन पाषाणखंडांचे विरळ थवे आहेत. ते खंड एकमेकांवर आदळतात, तापतात, त्यांचे बाष्प होते व त्या बाष्पाचा प्रकाश आपणांस दिसतो. पुढे थवे आकुंचित होत होत त्यांचेच तारे होतात. या साऱ्या इमारतीचा एक आधारस्तंभ ती हिरवी रेषा होती. जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात ५००६ ते ५००७ अँगस्ट्रॉमच्या दरम्यान एका पन्हळीदार पट्ट्याची कडा येते. लॉकियर यांचे म्हणणे, तेजोमेघातील प्रमुख रेषा ही त्याच पट्ट्याची उरलेली कडा होय. उल्कांमध्ये मॅग्नेशियम विपुल असते हे प्रसिद्धच आहे.

हे विधान तपासणे त्या काळी दिसते तितके सोपे नव्हते. दोन्हींच्या तरंगलांबींतील अंतर एका अँगस्ट्रॉमच्या आसपासचे, आणि शिवाय पृथ्वी व तेजोमेघ यांच्या सापेक्ष गतीमुळे रेषा आपल्या जागेवरून किंचित सरकते. म्हणून केवळ स्थानाच्या मापनावर निर्णय अवलंबून ठेवणे धोक्याचे होते. पण दुसरी एक कसोटी होती, आणि ती अधिक सरळ होती. पन्हळीदार पट्टा एका बाजूस धारदार असतो व दुसऱ्या बाजूस, येथे निळ्या बाजूस, हळूहळू विरत जातो. वायूच्या अणूची रेषा दोन्ही बाजूंस सारखीच रेखीव असते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, ती हिरवी रेषा निळ्या बाजूस पुसट होते की नाही? लॉकियर यांनी ती तशी दिसते असे सांगितले. हगिन्स पतिपत्नींनी ते नाकारले.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी १८८२ मध्ये ५,००० रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा कामास लागली. उपकरणांच्या निवडीसाठी नायगमवाला इंग्लंडास गेले होते, आणि ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचा रोख वर्णपटविज्ञानाकडे वळला त्यांत लॉकियर हे प्रमुख होते. वेधशाळेची मुख्य परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील होती. २० इंची आरशाची ही दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी गणली गेली. महाविद्यालयाच्या आवारात, अध्यापनाचे काम सांभाळून, जवळजवळ एकट्याने चालविलेली ही संस्था होती, हे पुढील विवेचनात ध्यानी ठेवावे लागेल.

१८९१ मध्ये नायगमवाला यांचे टिपण लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांतात प्रसिद्ध झाले. विषय तेजोमेघांच्या वर्णपटातील प्रमुख रेषा. मृगातील तेजोमेघाचा वेध घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष थोडक्यात असा की, रेषा बारीक व दोन्ही बाजूंस रेखीव असून तिच्यात पन्हळीचा मागमूस दिसत नाही. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या वेधशाळेची आखणी झाली त्यांच्याच प्रिय उपपत्तीच्या मुळावर हा निष्कर्ष आघात करीत होता.

येथे भूगोलाचा थोडा विचार केला पाहिजे, कारण तो पुण्याच्या बाजूने होता. मृगातील तेजोमेघ विषुववृत्ताच्या सुमारे साडेपाच अंश दक्षिणेस आहे. लंडनहून तो कितीही वर आला तरी क्षितिजापासून ३३ अंशांच्या पलीकडे जात नाही. पुण्यास तो ६६ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे लंडनच्या निरीक्षकास पुण्याच्या निरीक्षकापेक्षा दीडपटीहून अधिक जाड हवेतून पाहावे लागे, आणि ती हवाही धुराने भरलेली. मंद रेषेच्या कडेची रेखीवता जोखताना हा भेद क्षुल्लक नव्हे. पुण्याचे चार महिने पावसाळ्यात वाया जातात हे खरे. पण मृग हे हिवाळ्याच्या रात्रींचे नक्षत्र असल्याने ती अडचण येथे उद्भवत नव्हती.

तथापि पुण्याच्या या वेधाने लॉकियर यांची उपपत्ती उलथून पाडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आपल्याकडील काही लेखनात तसा सूर निघतो, तो टाळला पाहिजे. निर्णायक मापन कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत, ३६ इंची दुर्बिणीच्या साहाय्याने, जेम्स कीलर यांनी १८९० पासून केले. त्यांनी रेषेचे स्थान इतक्या काटेकोरपणे ठरविले की मॅग्नेशियमशी तिची एकरूपता मानण्यास जागाच उरली नाही. पुण्याचे मोल निराळ्या प्रकारचे आहे. वाद लॉकियर व हगिन्स या दोन प्रतिष्ठित पक्षांत चालला होता, आणि इंग्लंडातील प्रत्येक निरीक्षक कोणत्या ना कोणत्या बाजूचा समजला जाई. अशा वेळी लॉकियर यांच्याच बाजूचा समजला जावा अशा माणसाने, स्वतंत्र जागेवरून, स्वतंत्र उपकरणाने, विरुद्ध पक्षास अनुकूल साक्ष द्यावी, याला साक्षीमूल्य आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हे वेगळे सांगावयास नको: जी साक्ष साक्षीदाराच्या हितसंबंधाविरुद्ध जाते तिचे वजन अधिक. लॉकियर यांनी आपली उपपत्ती सोडली नाही, हेही लक्षात घ्यावे. नायगमवाला यांचे त्यापुढे काही बिघडले असेही नाही. १८९८ मधील त्यांच्या कामावरून ते स्पष्ट आहे.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकणातून देशावर गेले. खग्रासाचा पट्टा हरिहरेश्वरच्या दक्षिणेकडून निघून ईशान्येस सोलापूरकडे वळला. लॉकियर स्वतः आपल्या पथकासह विजयदुर्गास आले. 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. नायगमवाला यांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे टाकला व त्या ग्रहणाचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईस छापला. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जे चौथरे दाखवितात ते या प्रसंगाची आठवण देतात. हेलियमचा शोध त्या ओट्यांवर लागला अशी समजूत कोकणात सर्रास आढळते व छापीलही होते; ती टिकणारी नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते आणि ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथूनच, ग्रहण नसताना पाहिली. तीस वर्षांनी झालेल्या भेटीचा संबंध लोकस्मृतीने आधीच्या शोधाशी जोडला.

त्याच काळात, त्याच पुण्यात, शंकर बाळकृष्ण दीक्षित आपला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ सिद्ध करीत होते. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षित हे दापोली तालुक्यातील मुरुडचे, म्हणजे हरिहरेश्वरच्या खाडीपलीकडे काही कोसांवरचे. त्यांचे 'ज्योतिर्विलास' मराठी वाचकाला आकाशाची गोडी लावणारे पुस्तक ठरले. एका शहरात ज्योतिःशास्त्राचे दोन प्रवाह वाहत होते. एक सिद्धांतग्रंथ, पंचांग व कालगणना यांचा, मराठीत लिहिणारा. दुसरा वर्णपट व प्रकाशाच्या रसायनाचा, इंग्रजीत लंडनला टिपणे धाडणारा. नायगमवाला यांच्या वेधाची स्मृती मराठीत का उरली नाही, याचे एक कारण या भाषाविभागणीत आहे असे आम्हांस वाटते.

दुसरे कारण संस्थात्मक आहे, आणि ते अधिक कठोर आहे. ब्रिटिश सरकारास ज्योतिःशास्त्रात जो रस होता तो सूर्यापुरता. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर सूर्यावरील डाग व अवर्षण यांचा संबंध जोडण्याची खटपट सुरू झाली. खुद्द लॉकियर यांनी विल्यम हंटर यांच्यासमवेत १८७७ मध्ये या विषयावर लेख लिहिला होता. सूर्याच्या अभ्यासातून पावसाचे भाकीत करता येईल ही आशा खजिन्याचे दार उघडू शकत होती. मृगातील तेजोमेघ ते उघडू शकत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी कोडईकनाल येथे सौरवेधशाळा उभी राहिली आणि शासनाचे लक्ष तिकडे केंद्रित झाले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडईकनालला रवाना करण्यात आली. तेथे ती दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. देणगीदाराचे नाव उरले, गावाचे गेले. एका माणसाच्या जोरावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर संपते, हे आपल्या विद्याक्षेत्रात अनेकवार घडले आहे. तरी २४ वर्षे चाललेल्या वेधशाळेला एकही उत्तराधिकारी तयार करता आला नाही, ही गोष्ट केवळ सरकारच्या माथी मारून चालणार नाही. महाविद्यालयात ज्योतिर्भौतिकीचे पदव्युत्तर शिक्षण नव्हते, शिष्यवर्ग नव्हता, साहाय्यकांना बढतीची वाट नव्हती.

हिरव्या रेषेचे कोडे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडविले. ती कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नसून दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तो अणू उत्तेजित अवस्थेत अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकून राहिला तरच ही रेषा निघते. पृथ्वीवरील कोणत्याही नळीत त्याआधीच दुसरा कण येऊन त्यास धक्का देतो. म्हणजे ती रेषा दिसणे हीच अतिविरळ वायूची खूण आहे. नायगमवाला यांना तिचे मूळ ठाऊक नव्हते. पण ती पन्हळ नव्हे हे त्यांनी बरोबर पाहिले होते.

मग घन कणांचे काय झाले? १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधील अवकाशात प्रकाश शोषणारी धूळ आहे हे सिद्ध केले. तेजोमेघांतही ती आहे, परंतु वस्तुमानाने सुमारे शंभरात एक भाग. अशा धुळीचा स्वतःचा प्रकाश अवरक्त असतो व आपले वातावरण तो बहुतांशी अडविते. म्हणून दुर्बीण वातावरणाच्या वर नेणे भाग पडते. येथे महाराष्ट्राचा संबंध पुन्हा येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बलूनला टांगून हैदराबादहून उंच वातावरणात पाठविली व तारे जेथे जन्मतात त्या प्रदेशांचे दूर-अवरक्त नकाशे तयार केले. जपानी वर्णपटमापकाच्या जोडीने याच दुर्बिणीतून मृगातील मेघाचा आयनित कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेतील नकाशा घेण्यात आला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे व हैदराबाद यांच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी तोच तेजोमेघ जवळजवळ त्याच उंचीवर असता पुन्हा पाहिला गेला, केवळ रेषा वेगळी होती.

ताऱ्यांभोवतीच्या चकत्यांचा प्रत्यक्ष शोध २५ जानेवारी १९८३ रोजी सोडलेल्या आयरास या उपग्रहाने लावला, आणि तोही अनपेक्षितपणे. मोजणीचे प्रमाण ठरविण्यासाठी अभिजित हा सुपरिचित तारा निवडला होता. ६० व १०० मायक्रॉनच्या तरंगांत तो अपेक्षेहून कितीतरी पट तेजस्वी निघाला. २५ प्रकाशवर्षांवरील या ताऱ्याभोवती थंड धूळ आहे हाच त्याचा अर्थ होता. मीनास्य, यमुना तारकासमूहातील एप्सिलॉन ही तारका व चित्रफलकातील ती द्वितीय तारका यांच्याही ठायी तसेच आढळले. १९८४ मध्ये ब्रॅडफोर्ड स्मिथ व रिचर्ड टेरिल यांनी चिली देशातील लास काम्पानास येथून, ताऱ्याचा प्रकाश झाकून, या शेवटच्या तारकेच्या चकतीचे छायाचित्र घेतले. कडेने दिसणारी ती चकती होती. पुढे तिच्या वर्णपटात सतत कोसळणाऱ्या व बाष्प होणाऱ्या धूमकेतुसदृश पिंडांच्या खुणा सापडल्या, आणि २०१४ मध्ये आल्मा दुर्बिणीने तिच्यात कार्बन मोनॉक्साइड वायूचे ढग दाखविले. तो वायू तेथे फार काळ टिकू शकत नाही. कोणीतरी तो सतत पुरवीत असले पाहिजे.

येथेच इतिहासाच्या अभ्यासकास थबकावे लागते. अभिजिताचे वय काही दशकोटी वर्षांचे आहे, पण त्याच्या किरणांच्या दाबामुळे व ओढीमुळे बारीक धूळ त्या मानाने अत्यल्प काळात नाहीशी व्हावयास हवी. ती अद्याप आहे, याचा अर्थ ती नव्याने उत्पन्न होत आहे: न दिसणारे पाषाणखंड एकमेकांवर आदळून चुरा होत आहेत. ताऱ्याभोवती आदळणाऱ्या घन खंडांचे थवे, हे चित्र लॉकियर यांच्या ग्रंथात आहेच की! तेव्हा १८९० च्या लॉकियर यांना आधुनिक शोधाचे द्रष्टे ठरवावे काय? आमच्या मते नाही. त्यांचे खंड तेजोमेघांना प्रकाशमान करण्यासाठी कल्पिलेले होते, आणि तेवढ्याच कामासाठी ते निरुपयोगी ठरले. आजच्या धुळीचा पुरावा उष्णतेच्या मोजणीतून आला आहे. हिरव्या रेषेच्या अर्थाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. दोन चित्रांतील साम्य हे कारणपरंपरा नव्हे. मात्र उलट अन्यायही करू नये. वायूबरोबर घन कणांचाही विचार केला पाहिजे हा त्यांचा आग्रह त्या पिढीत जवळजवळ एकाकी होता.

राहिला मृगातील तेजोमेघ. १९९२ च्या अखेरीस रॉबर्ट ओडेल यांनी हबल अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत, त्या तेजोमेघाच्या पोटात नवजात ताऱ्यांभोवती वायूच्या व धुळीच्या चकत्या ओळखल्या. काही चकत्या मागच्या तेजावर काळ्या छायाकृतीसारख्या उमटल्या होत्या. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला त्यांपैकी एका चकतीत मेथिल धनायन हा कार्बनी रसायनशास्त्रातील महत्त्वाचा रेणू आढळला. नायगमवाला यांच्या वर्णपटदर्शकाच्या फटीतून जो हिरवा प्रकाश आला त्यात त्या चकत्यांवरून उडणाऱ्या वायूचाही अल्पसा अंश होता. १,३०० प्रकाशवर्षांहून अधिक अंतरावरील, काही सूर्यमालांएवढ्या व्यासाच्या त्या ठिपक्यांना सुटे पाहणे १८९१ च्या कोणत्याही दुर्बिणीस शक्य नव्हते.

हरिहरेश्वरहून बाणकोटकडे पाहणाऱ्यास आजही ते सुटे दिसणार नाहीत. साध्या द्विनेत्रीतून मध्यभागी ताऱ्यांची दाटी व भोवती पंखासारखा पसरलेला धूसर प्रकाश, एवढेच दिसते. आणि खाली, अगस्त्याच्या उजवीकडे, ती दुसरी तारका.